ठिगळाचा इतिहास : घरचा संगणक आणि त्याची सुधारणा

फाटलेलें वस्त्र फेकून न देतां त्यास ठिगळ लावणें, आणि ठिगळांवर ठिगळें चढलीं म्हणजे त्याचीच गोधडी शिवणें, हा आपल्याकडील घरोघरचा जुना रिवाज आहे. ठिगळ ही गरिबीची खूण समजली जाते. पण आजच्या युगाची सर्वांत मोठी करामत म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवितात, तो संगणकही ठिगळांवरच जगतो, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत येते. इंग्रजींत ठिगळास 'पॅच' म्हणतात, आणि संगणकाच्या आज्ञावलींतील दुरुस्तीसही तोच शब्द आहे. हा शब्द केवळ अलंकारिक नाहीं. पूर्वीच्या कित्येक संगणकांना आज्ञा द्यावयाच्या त्या कागदी फितीवर किंवा पत्त्यांवर भोंकें पाडून दिल्या जात. एखादें भोंक चुकीच्या जागीं पडलें, म्हणजे त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत व योग्य जागीं नवें भोंक पाडीत. आज यवतमाळच्या एखाद्या घरांत पडद्यावर 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करूं नये' अशी सूचना येते, ती त्याच कागदी तुकड्याची वंशज होय.

श्रोत्यांपैकीं अनेकांना पुढील अनुभव आला असेल. संगणक सुरू करावा, पडद्यावर टक्केवारीचे आंकडे चढूं लागावे, आणि पस्तिसावर येऊन तासभर आंकडा जागचा हलूं नये. शेवटीं यंत्रानें आपण होऊन पुन्हां सुरू व्हावें व 'सुधारणा पुरी होऊं शकली नाहीं, बदल मागें घेतले जात आहेत' असें सांगावें. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा गांवांतून घरच्या संगणकावर काय काय सांठविलेलें असतें! शेताच्या सातबाराची प्रत, मुलांचीं गुणपत्रकें, पीकविम्याच्या पावत्या, दिवंगत वडील माणसांचीं छायाचित्रें. त्यामुळें टक्केवारी थांबली म्हणजे घरच्यांचा जीव खालींवर होतो. मग तीन प्रकार घडतात. कोणी घाबरून विजेचें बटण बंद करतो. कोणी यापुढें ही कटकटच नको म्हणून सुधारणा कायमची थांबवितो. कोणी यंत्र बाजारांत नेतो, आणि तेथें 'फॉरमॅट' या एका शब्दासरशीं वर्षानुवर्षांचा ठेवा पुसला जातो. तिन्हींच्या मुळाशीं एकच समजूत आहे : सुधारणा फसली म्हणजे यंत्र बिघडलें. इतिहास पाहतां उलटच दिसतें. फसलेली सुधारणा मागें घेऊन पूर्वस्थितीवर येणें ही यंत्राला मोठ्या कष्टानें शिकविलेली विद्या आहे. आणि ती कां शिकवावी लागली हें कळलें, म्हणजे घरीं काय करावें हेंही कळतें.

ज्यास 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात, ती कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या वाड्यांतील कारभारी. कोणत्या पाहुण्यास कोणती खोली द्यावयाची, कोठारांतील कोणतें सामान कोठें ठेवावयाचें, कोणाच्या हातीं किल्ली द्यावयाची, हें सर्व त्याच्याकडे असतें. अगदीं आरंभींच्या यंत्रांना असा कारभारी नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागलेला 'टिफ्रॅक' हा संगणक ज्यांनीं बांधला, तेच त्याच्याजवळ उभे राहून त्याची देखभाल करीत. यंत्र घडविणारा व यंत्र वापरणारा एकाच इमारतींत होते. दोष दिसला कीं दुरुस्त करणारा हात तेथेंच असे.

पुढें यंत्रें वाढलीं व कारभारीही मोठा झाला. १९६४ सालीं आय.बी.एम. कंपनीनें 'सिस्टिम ३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या कार्यप्रणालीच्या निर्मितीचें काम फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होतें. त्या अनुभवावर त्यांनीं १९७५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यांत एक सत्य निर्भीडपणें मांडलें. एक दोष काढूं जावें, तर त्या दुरुस्तींतूनच दुसरा दोष शिरण्याचा संभव शेंकडा २० ते ५० इतका असतो, असा त्यांचा अंदाज होता. आज आज्ञावली तपासण्याचीं साधनें पुष्कळ सुधारलीं आहेत. तरी त्या निरीक्षणाचें मर्म टिकून आहे. ठिगळाचा टांका कधीं कधीं शेजारचें कापडही फाडतो.

घरोघरीं संगणक आल्यावर मात्र एक नवाच प्रश्न उभा राहिला. ठिगळ लावणारा सातासमुद्रांपलीकडे आणि कापड यवतमाळांत; तर ठिगळ पोंचवावयाचें कसें? १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, आणि अवघ्या नऊ दिवसांनीं, २४ ऑगस्ट रोजीं, 'विंडोज ९५' बाजारांत आली. तोंवर दुरुस्त्या फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून येत; ज्याच्या हातीं ती पडे त्याचाच संगणक सुधारे. १९९८ सालच्या 'विंडोज ९८'बरोबर 'विंडोज अपडेट' ही सोय आली, व संगणकास इंटरनेटवरून आपलें ठिगळ स्वतः आणतां येऊं लागलें. २००० सालच्या 'विंडोज एमई' या आवृत्तींत दोन गोष्टी आल्या. एक, सुधारणा आपोआप आणणें. दुसरी, 'सिस्टिम रिस्टोअर', म्हणजे गाडें फसलें तर पूर्वींच्या एका ठराविक दिवसाच्या स्थितीवर यंत्र परत नेणें. पुढें जाण्याची आणि मागें येण्याची वाट एकाच वेळीं निघाली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें आणि त्याच्या 'एम.एस.-सी.आय.टी.' या अभ्यासक्रमानें तालुक्यातालुक्यांत संगणकाची ओळख नेली. पत्र लिहिणें, हिशेब मांडणें, चित्र काढणें हें हजारों मुलामुलींना येऊं लागलें. पण सुधारणा आणावयाची तर टेलिफोनची तार अपुरी पडे. ऑगस्ट २००४ मध्यें 'विंडोज एक्स.पी.'साठीं दुरुस्त्यांचें एक मोठें गांठोडें निघालें. तें सुमारें २६६ मेगाबाइटचें होतें. त्या काळच्या मोडेमचा पुरा वेग मिळाला, तरी त्यास साडेदहा तास लागावयाचे, आणि तितका वेळ टेलिफोन अडकून राहावयाचा. त्यांतच २००५ नंतर कित्येक वर्षें महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत भारनियमनानें तासन् तास वीज जात असे. अशा स्थितींत 'चालतें आहे तें चालूं द्यावें' अशी वृत्ति घरोघरीं मुरली, तर त्यांत नवल नाहीं.

या वृत्तीस पहिला मोठा धक्का २००३ सालींच बसला होता. त्या वर्षीं १६ जुलै रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एका दोषावरील दुरुस्ती प्रसिद्ध केली. बरोबर २६ दिवसांनीं, ११ ऑगस्ट रोजीं, त्याच दोषांतून शिरणारा 'ब्लास्टर' नांवाचा किडा जगभर पसरूं लागला. कोणतेंही पत्र न उघडतां, नुसतें इंटरनेटशीं जोडल्यानें संगणकास त्याची बाधा होई, आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून यंत्र बंद पडे. औषध तयार होतें. रोग्यांनीं तें घेतलें नव्हतें. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरपासून कंपनीनें दुरुस्त्यांसाठीं दर महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून टाकला. अमेरिकेंतील सकाळ ही आपल्याकडील रात्र असल्यामुळें त्या दुरुस्त्या भारतांत मंगळवारीं रात्रीं साडेदहा किंवा साडेअकराच्या सुमारास निघतात. महिन्याच्या मध्यावर एखाद्या बुधवारीं संगणक आळसावल्यासारखा वाटला, तर त्याचें कारण बहुधा हेंच असतें.

आतां सुधारणा फसते कोठें, हें पाहण्यासाठीं तिची रीत पाहावी. प्रथम संगणक आपल्याजवळ कोणतीं ठिगळें नाहींत याची यादी करतो. मग तीं तुकड्यातुकड्यांनीं आणतो. प्रत्येक तुकड्यावर निर्मात्याची मोहोर आहे कीं नाहीं हें तपासतो. नंतर नव्या फाइली बाजूस मांडून ठेवतो. शेवटचें काम मात्र चालू संगणकावर होत नाहीं. कारभारी स्वतः ज्या आसनावर बसला आहे, तें आसन त्यास उठविल्यावांचून बदलतां येत नाहीं; म्हणून यंत्र पुन्हां सुरू करावें लागतें, आणि त्या मधल्या वेळेंत जुन्या फाइलींच्या जागीं नव्या बसतात.

यवतमाळकरांना हें रेल्वेच्या दाखल्यानें सहज समजेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर या नॅरोगेज मार्गावरील 'शकुंतला' गाडीचें वाफेचें एंजिन १९९४ सालीं काढून त्या जागीं डिझेलचें आलें. रूळ तेच, वाट तीच, फक्त एंजिन नवें. ही झाली दर महिन्याची लहान सुधारणा. पण त्याच वाटेवर नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज टाकावयाचा, तर वाहतूक थांबवावी लागेल, आणि काम अर्ध्यावर राहिलें तर ना जुनी गाडी चालेल, ना नवी. कार्यप्रणालीची संपूर्ण आवृत्ति बदलणें हें या दुसऱ्या प्रकारचें काम आहे. तिसरा मार्गही आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्ध्याहून कळंबपर्यंतचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्यें वाहतुकीस खुला झाला. जुन्या अरुंद रुळांना हात न लावतां हा नवा मार्ग निराळ्या वाटेनें येतो आहे. संगणकशास्त्रांतही हीच युक्ति निघाली. २०१६ सालच्या सातव्या अँड्रॉइडपासून मोबाइल फोनसाठीं अशी सोय झाली कीं, नवी आवृत्ति जुनीच्या शेजारीं निराळ्या खणांत बसते. ती नीट उभी राहिली तरच फोन तिकडे वळतो, एरवीं जुनीवर परत येतो. घरगुती विंडोजमध्यें दोन पुरे खण नसतात. पण २००७ सालच्या 'व्हिस्टा'पासून नव्या-जुन्या फाइलींचें एक कोठार आंत ठेवलेलें असतें, व त्यावरून बदल मागें घेतां येतात. 'बदल मागें घेतले जात आहेत' ही ओळ म्हणजे जुना रूळ शाबूत असल्याची ग्वाही होय.

यावरून घरच्या उपायांचा क्रम आपोआप ठरतो. पहिला उपाय थांबण्याचा. टक्केवारी अडली म्हणजे काम थांबलें असें नाहीं. जुन्या, फिरत्या तबकडीच्या यंत्रास एकेका टप्प्यावर फार वेळ लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर दोन-तीन तास हात लावूं नये. फाइलींची अदलाबदल चालू असतां वीज जाणें ही या कामांतील सर्वांत वाईट गोष्ट. म्हणून लॅपटॉप असेल तर तो विजेस जोडूनच सुधारणा सुरू करावी. मोठ्या संगणकास यूपीएसचा आधार असला, तरी साधा यूपीएस कांहीं मिनिटेंच पुरतो. तेव्हां मृगाच्या वादळी संध्याकाळीं हें काम काढूं नये, सकाळची शांत वेळ घ्यावी.

दुसरा उपाय वाचण्याचा. फसलेली सुधारणा बहुधा एक संकेतांक दाखविते. तो पाहून लोक दचकतात. वास्तविक तो वैद्याच्या चिठ्ठीसारखा उपयोगी असतो. उदाहरणार्थ, '०एक्स८००७००७०' या अंकाचा अर्थ इतकाच कीं, डिस्कवर जागा उरली नाहीं. अंक कागदावर उतरवून घ्यावा आणि मगच पुढें जावें. जागेची टंचाई हें घरगुती संगणकांतील फार मोठें कारण आहे. मोठ्या सुधारणेपूर्वी वीसेक गिगाबाइट जागा मोकळी असलेली बरी. त्यासाठीं छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर न्यावींत, कचरापेटी रिकामी करावी, आणि 'डिस्क क्लीनअप'कडून जुनें तात्पुरतें सामान काढवावें.

तिसरा विचार इंटरनेटचा. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि कित्येक घरांत संगणकही फोनच्या हॉटस्पॉटवरच चालूं लागला. रोजची मर्यादा एक-दीड गिगाबाइटची आणि मोठी सुधारणा कित्येक गिगाबाइटची, असा मेळ बसत नाहीं. शिवाय असा जोड 'मर्यादित' म्हणून नोंदलेला असला, तर विंडोज बऱ्याच सुधारणा आणण्याचें थांबविते. तो दोष नसून काटकसर असते. अर्धवट आलेले तुकडे सडले असतील, तर सेटिंग्जमधील 'ट्रबलशूटर' हें साधन सुधारणेचें काम थांबवून पुन्हां नीट सुरू करून पाहतें. याच टप्प्यावर घड्याळही पाहावें. संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. ती संपली म्हणजे प्रत्येक वेळीं यंत्राची तारीख कित्येक वर्षें मागें जाते, आणि मोहोर तपासणाऱ्यास मोहोर खोटी वाटते. इतक्या थोड्या किंमतीच्या बॅटरीपायीं सुधारणा अडून बसावी, ही गंमत पुष्कळ वेळां घडते.

चौथा उपाय वाट मोकळी करण्याचा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क वगैरे जादा सामान काढून ठेवावें. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता बंद करावा किंवा काढावा. यंत्र एकदां पुन्हां सुरू करून मग प्रयत्न करावा. तरीही न जमलें, तर कारभाऱ्याचें कोठारच बिघडलें असल्याचा संशय घ्यावा. त्यासाठीं 'डिझम' आणि 'एस.एफ.सी.' अशा दोन आज्ञा विंडोजमध्येंच आहेत. पहिली कोठार दुरुस्त करते, दुसरी त्या कोठारांतून बिघडलेल्या फाइली बदलते. म्हणून क्रम हाच ठेवावा. आणि यंत्र सुरूच होईना, तर? दोन-तीन वेळां सुरू होण्याचा प्रयत्न फसला, म्हणजे विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथें शेवटची सुधारणा काढून टाकण्याची सोय असते. मोठी आवृत्ति बदलली असेल, तर साधारणपणें दहा दिवसांच्या आंत पूर्वीच्या आवृत्तीवर परत जातां येतें. याच पडद्यावर कित्येकदां ४८ अंकांची 'बिटलॉकर'ची किल्ली मागितली जाते. जुलै २०२४ च्या एका सुधारणेनंतर कांहीं संगणकांवर असा प्रसंग आला होता. ज्यांची डिस्क कुलूपबंद आहे, त्यांनीं ती किल्ली आधींच कागदावर लिहून कपाटांत ठेवावी.

येथें एक प्रामाणिक शंका निघते. इतके उपद्व्याप करून जी सुधारणा लावावयाची, ती खरोखर हिताची असतेच काय? याचें उत्तर इतिहास दोन्ही बाजूंनीं देतो, आणि दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.

एका बाजूस १२ मे २०१७ हा दिवस आहे. त्या दिवशीं 'वॉनाक्राय' नांवाचा किडा सुटला. घरच्या आणि कचेरीच्या फाइली कुलुपांत घालून तो खंडणी मागत असे. दीडशेंहून अधिक देशांत दोन लाखांवर संगणक त्याच्या तावडींत सांपडले. ब्रिटनमधील रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. ज्या दोषांतून तो शिरला, त्यावरील ठिगळ १४ मार्च रोजींच, म्हणजे ५९ दिवस आधीं, निघालें होतें. सुधारणा कायमची बंद करणाऱ्यांना याहून स्पष्ट इशारा दुसरा नसेल. या प्रसंगाचा आणखी एक धडा असा कीं, फाइलींची प्रत ज्या डिस्कवर ठेवावयाची ती संगणकास सदैव जोडलेली नसावी. जोडलेली असली तर तीही कुलुपांत जाते.

दुसऱ्या बाजूस ऑक्टोबर २०१८ आहे. २ तारखेस विंडोज १० ची नवी आवृत्ति निघाली, आणि कांहीं लोकांच्या 'डॉक्युमेंट्स'सारख्या कप्प्यांतील फाइली तीनें पुसून टाकल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीनें चारच दिवसांत तिचें वाटप थांबविलें. दोष काढून ती १३ नोव्हेंबरला पुन्हां दिली. अशा तक्रारी शंभरांत एक शतांश, म्हणजे दहा हजारांत एक, इतक्या थोड्या असल्याचें कंपनीनें सांगितलें. पण ज्याचे कागद गेले, त्याला त्या प्रमाणाचें काय समाधान? जानेवारी २०२४ मध्यें निराळाच प्रकार झाला. ९ तारखेच्या एका सुधारणेस डिस्कच्या राखीव दुरुस्ती-खणांत २५० मेगाबाइट मोकळी जागा हवी होती. पुष्कळ संगणकांत तो खण लहान होता, आणि पडद्यावर '०एक्स८००७०६४३' हा भलताच संकेतांक येई. लोक आपलीच चूक शोधीत बसले; चूक त्यांची नव्हतीच. तो खण हातानें वाढविण्याची किचकट कृति कंपनीनें दिली खरी, पण ज्यास ती समजली नाहीं त्यानें ती न करणेंच शहाणपणाचें होतें. कित्येकदां पुढील महिन्याची वाट पाहणें हाच खरा उपाय असतो.

आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर सर्वांच्या स्मरणांत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीस पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. भारतांतील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपास देण्यांत आले. हा दोष विंडोजच्या सुधारणेचा नव्हता, आणि ती आज्ञावली कंपन्यांची असल्यामुळें घरगुती संगणक बहुतेक बचावले. पण उपाय पाहण्यासारखा होता : यंत्र 'सेफ मोड'मध्यें, म्हणजे अगदीं मोजक्या सामानानिशीं, सुरू करावें आणि ती एक फाइल काढावी. जगाचे व्यवहार खोळंबले असतांही कोणी 'फॉरमॅट' करा असें सांगितलें नाहीं.

या दोन्ही बाजूंतून निघणारा निर्णय एकच आहे. महिन्याच्या संरक्षक दुरुस्त्या टाळूं नयेत. त्या वेळेवर लावाव्यात. आवृत्ति बदलणारी मोठी सुधारणा मात्र पहिल्या आठवड्यांत धांवून घेण्याचें घरीं कारण नाहीं. चार लोकांचा अनुभव कळूं द्यावा. आणि दोन्हींच्या आधीं कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून ठेवावी. प्रत असली म्हणजे फसलेली सुधारणा ही गैरसोय ठरते. प्रत नसली म्हणजे तीच आपत्ति होते. बाजारांत दुरुस्तीस देतांनाही 'आधीं प्रत काढा, मग काय तें करा' हें वाक्य सांगून ठेवावें, आणि शक्य तर पावतीवर लिहून घ्यावें.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. २९ जुलै २०१५ रोजीं निघालेल्या विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमींच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती संगणकांसाठीं संरक्षक दुरुस्त्यांची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरली. विंडोज ११ साठीं किमान ४ गिगाबाइट स्मृति, ६४ गिगाबाइट जागा आणि 'टी.पी.एम. २.०' ही संरक्षक सोय लागते. कित्येक जुन्या यंत्रांत ती नसते. अशा घरीं विंडोज ११ ची सुधारणा 'फसते', ती खरें तर नाकारली जाते, आणि तिच्यावर वरील कोणताही उपाय चालावयाचा नाहीं. हा भेद ओळखला नाहीं, तर दिवसचे दिवस व्यर्थ जातात व शेवटीं कोणी तरी आडवाटेनें नियम चुकवून ती बसवून देतो. पुढील दुरुस्त्या मिळतीलच, याची मग हमी राहत नाहीं.

अशा यंत्राचें काय करावें? त्यास लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवितां येते. सी-डॅक या भारतीय संस्थेनें 'बॉस' नांवाची तिची देशी आवृत्ति २००७ पासून तयार केली आहे. पत्रें, हिशेब, वाचन व इंटरनेट यांना ती पुरेशी होते. मात्र आपला प्रिंटर आणि मराठी लिहिण्याची नेहमींची पद्धति तिच्यावर चालते कीं नाहीं, हें आधीं तपासावें. तेंही नको असल्यास जुनें यंत्र इंटरनेटपासून तोडून नुसतें लिहिण्यावाचण्यास ठेवावें, आणि बँकेचे व सरकारी अर्जांचे व्यवहार दुसऱ्या, दुरुस्त्या मिळणाऱ्या यंत्रावर करावेत. सर्वांत धोक्याची निवड म्हणजे कांहींच न ठरवितां जुन्या संगणकावर बँकेचा व्यवहार तसाच चालू ठेवणें. २००३ आणि २०१७ या दोन्ही वर्षीं ज्यांचें नुकसान झालें, त्यांतील बहुतेकांनीं मुद्दाम कोणताही चुकीचा निर्णय घेतला नव्हता. त्यांनीं निर्णयच घेतला नव्हता.